कोअरच्या आकड्याखालची ओळ: स्ट्रोकसाठीच्या सीटी परफ्युजन सॉफ्टवेअरचं परीक्षण

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेल्या रुग्णाचं सीटी परफ्युजन (शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं द्रव्य देऊन मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारा स्कॅन) झालं की सॉफ्टवेअर काही मिनिटांत एक पान पाठवतं. एका बाजूला गुलाबी रंगात कोअर, म्हणजे मेलेला समजला जाणारा भाग. दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगात रक्त उशिरा पोहोचणारा भाग. खाली दोन्हींचं आकारमान मिलिलिटरमध्ये, त्यांच्यातला फरक आणि गुणोत्तर. रॅपिड, मायस्टार, ब्रेनॉमिक्स, ओलिया, व्हिट्रिया अशी बरीच उत्पादनं या वर्गात आहेत. रंग आणि मांडणी बदलते, पानाचा गाभा साधारण तोच राहतो. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या सगळ्या वर्गाचं आहे, आणि ते एकाच प्रश्नावर पारखलेलं आहे: ज्या रुग्णाचा मेंदू इतरांपेक्षा झपाट्याने मरतोय, तो रुग्ण हे साधन वेळेत ओळखून देतं का?

उत्तर आधीच सांगतो. देतं, पण ज्या आकड्यासाठी ते विकत घेतलं जातं त्या आकड्यावरून ते कळत नाही.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते आधी पाहू. उपचार न झाल्यास दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात हा जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशोब स्ट्रोकच्या प्रत्येक व्याख्यानात येतो. तो सरासरीचा हिशोब आहे. २०१९ मध्ये हीच मोजणी पुन्हा झाली तेव्हा मोठी वाहिनी बंद झालेल्या रुग्णांत हा वेग मिनिटाला ३५ हजारांहून कमी ते २ कोटी ७० लाखांहून जास्त एवढा पसरलेला निघाला. सातशे-आठशे पटींचा फरक. वाहिनी तीच, गुठळीची जागा तीच, घड्याळातली वेळही तीच, आणि तरी एकाचा मेंदू दहा तासांनंतरही बराचसा वाचलेला, तर दुसऱ्याचा दोन तासांत अर्धा गोलार्ध गेलेला.

२०१८ च्या डॉन आणि डिफ्यूज-३ या चाचण्यांचा अर्थही या फरकाशिवाय लागत नाही. लक्षणं सुरू होऊन ६ ते २४ तास (डॉन) किंवा ६ ते १६ तास (डिफ्यूज-३) झालेल्या रुग्णांची गुठळी काढली, आणि ९० दिवसांनी अनुक्रमे ४९ आणि ४५ टक्के रुग्ण स्वतःचं स्वतः करू शकत होते. पहिल्या काही तासांत गुठळी काढलेल्या पाच चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात हेच प्रमाण ४६ टक्के होतं. उशिरा येऊन लवकर आलेल्यांइतकाच फायदा? कोडं नाही. इतक्या उशिरापर्यंत छोटा कोअर टिकवून असलेले रुग्ण मुळात संथ गतीचे होते. झपाट्याने बिघडणारे त्या चाचण्यांत शिरूच शकले नाहीत. त्यांची वेळ रुग्णवाहिकेतच संपली होती.

हा वेग मुख्यतः ठरतो कोलॅटरल वाहिन्यांवर. मेंदूच्या पृष्ठभागावर पुढच्या, मधल्या आणि मागच्या सेरेब्रल धमन्यांच्या टोकांच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मधली धमनी तोंडाशी बंद झाली की शेजारच्या धमन्यांचं रक्त या जोडांतून उलट दिशेने खाली झिरपत येतं. हे जोड किती आणि किती रुंद, हे बऱ्याच अंशी जन्मजात असतं. उंदरांमध्ये रॅबेप-२ या जनुकातल्या फरकाने कोलॅटरलची संख्या आणि इन्फार्क्टचा (मेलेल्या भागाचा) आकार दोन्ही बदलतात हे दाखवलं गेलं आहे. जन्मजात मिळालेलं भांडवलही पुढे झिजतं. वय, जुना उच्च रक्तदाब, मेटाबॉलिक सिंड्रोम, रक्तात वाढलेलं युरिक अ‍ॅसिड यांचा खराब कोलॅटरलशी संबंध आढळतो. उलट मेंदूतल्या धमनीचं अरुंद होणं वर्षानुवर्षं चाललेलं असेल तर पर्यायी वाट रुळायला वेळ मिळालेला असतो. त्यामुळे हृदयातून अचानक आलेली गुठळी आणि हळूहळू बंद झालेली वाहिनी यांत पहिली सहसा जास्त निर्दय.

इथे नकाशा वाचणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेसल गँग्लियाला रक्त देणाऱ्या बारीक लेंटिक्युलोस्ट्राएट धमन्यांना असे जोड नसतात. मधली धमनी उगमापाशी बंद झाली की हा खोलातला भाग जवळजवळ प्रत्येकात लवकर जातो. म्हणून २० मिलिलिटरचा गुलाबी डाग खोलात असेल तर त्यावरून रुग्ण वेगवान ठरत नाही. तोच २० मिलिलिटरचा डाग तासाभरात कॉर्टेक्सवर (मेंदूच्या बाहेरच्या थरावर) दिसला तर कोलॅटरल हात टेकत आहेत. सॉफ्टवेअर दोन्हींना सारखेच २० मिलिलिटर लिहितं. हा या पानाचा पहिला मोठा उणेपणा.

आता शीर्षकातल्या त्या ओळीकडे. बहुतेक पॅकेजांत दुसऱ्या पानावर किंवा कोपऱ्यात एचआयआर म्हणजे हायपोपरफ्युजन इंटेन्सिटी रेशो असतो. टीमॅक्स (रक्त पोहोचायला होणारा उशीर) १० सेकंदांपेक्षा जास्त असलेलं आकारमान भागिले टीमॅक्स ६ सेकंदांपेक्षा जास्त असलेलं आकारमान, एवढंच ते गणित. रक्त उशिरा पोहोचणाऱ्या भागातला किती हिस्सा फारच उशिरा रक्त मिळवतोय, हे त्यातून कळतं. ०.४ च्या खाली असेल तर कोलॅटरल बरे, ०.५ च्या वर गेलं की घाई करावी. जोडीला सीबीव्ही इंडेक्स (उशिरा रक्त मिळणाऱ्या भागातलं रक्ताचं आकारमान, निरोगी भागाच्या मानाने) असेल तर तोही पाहावा, तो ०.७ च्या वर असणं चांगलं.

उदाहरण घेऊ. दोन रुग्ण, दोघांचीही मधल्या सेरेब्रल धमनीची सुरुवात बंद, दोघांनाही लक्षणं सुरू होऊन ३ तास झालेले. दोघांच्याही पानावर टीमॅक्स ६ चा भाग १२० मिलिलिटर. पहिल्याचा कोअर ८, टीमॅक्स १० चा भाग ३०. म्हणजे एचआयआर ०.२५ आणि कोअरची वाढ तासाला सुमारे २.७ मिलिलिटर. दुसऱ्याचा कोअर ४५, टीमॅक्स १० चा भाग ७२, एचआयआर ०.६ आणि वाढ तासाला १५ मिलिलिटर. डिफ्यूज-३ चे आकडे होते कोअर ७० च्या खाली, गुणोत्तर १.८ किंवा जास्त, वाचवण्याजोगा भाग १५ मिलिलिटर किंवा जास्त. त्यांवर दोघेही सहज पास होतात. पान दोघांनाही हिरवा कंदील दाखवतं. पण दोन तासांवरच्या केंद्रात पाठवायचं असेल तर पहिला पोहोचेल तेव्हा जवळजवळ तसाच असेल, आणि दुसरा साध्या गुणाकाराने ७५ वर गेलेला असेल. वाढ सरळ रेषेत होत नाही, आधी झपाट्याने आणि मग मंदावत होते, तेव्हा ७५ हा आकडा अंदाजच. तरी आधी कोणाला हलवायचं, कोणासाठी हेलिकॉप्टर मागवायचं, कोणाच्या बाबतीत पोहोचल्यावर पुन्हा स्कॅन न करता थेट कॅथलॅबमध्ये (गुठळी काढतात त्या खोलीत) न्यायचं, हे ठरवायला तो पुरतो. तासाला १० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढ ही वेगवान म्हणायची साधारण रेषा.

वाढीच्या वेगाच्या या भागाकारात एक फट आहे. भाजक म्हणजे वेळ, आणि ती लक्षणं सुरू होताना कोणी पाहिलेलं असेल तरच खरी. झोपेतून उठताना लक्षणं दिसली आणि 'शेवटचं ठीक पाहिलं' ती वेळ धरली तर वेग खोटाच कमी येतो. एचआयआर काढायला लक्षणं कधी सुरू झाली हे माहीत असावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग कोअरच्या आकड्यात इतकं काय चुकतं? सॉफ्टवेअर कोअर बघत नाही, रक्तप्रवाह बघतं. निरोगी बाजूच्या तुलनेत सीबीएफ (रक्तप्रवाहाचा वेग) ३० टक्क्यांच्या खाली असला की तो भाग गुलाबी रंगवला जातो. मेंदूच्या पेशी मात्र प्रवाह आणि वेळ या दोन्हींच्या गुणाकारावर मरतात. मेंदूला सामान्यतः मिनिटाला दर १०० ग्रॅममागे सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. २० च्या खाली पेशी काम थांबवतात पण जिवंत राहतात, १० च्या आसपास पेशीपटल साथ सोडतं. १९८१ मध्ये माकडांवर झालेल्या प्रयोगांत दोन-तीन तासांत कायमची हानी व्हायला प्रवाह १० ते १२ पर्यंत उतरावा लागला, पण वाहिनी कायम बंद ठेवली तर १७-१८ वरही पेशी मेल्या. म्हणजे उंबरठा वेळेबरोबर सरकतो, आणि सॉफ्टवेअरचा ३० टक्क्यांचा उंबरठा जागचा हलत नाही. परिणाम असा की लक्षणं सुरू झाल्यावर तासाभरात स्कॅन झालेल्या रुग्णात गुलाबी डाग मोठा दिसतो, गुठळी लगेच निघते, आणि दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये त्यातला बराच भाग शाबूत निघतो. याला घोस्ट कोअर म्हणतात. पहिल्या दीड-दोन तासांत मोठ्या कोअरवरून उपचार नाकारणं ही या साधनाच्या हातून होणारी सगळ्यांत महागडी चूक. गंमत म्हणजे हीच वेळ झपाट्याने बिघडणाऱ्यांना वाचवण्याची असते.

उलट चूकही होते. गुठळी आपोआप विरघळली तर मेलेल्या भागातही रक्त भरभरून जातं, सीबीएफ सामान्य येतं आणि कोअर शून्य लिहिला जातो. अशा वेळी साध्या सीटीवर करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक पुसलेला दिसत असेल तर साध्या सीटीवर विश्वास ठेवावा. जुना इन्फार्क्ट कधी कोअर म्हणून मोजला जातो. मानेतल्या कॅरोटिडचं जुनं अरुंद होणं टीमॅक्स वाढवतं आणि हिरवा भाग फुगवतं. फिट येऊन गेलेल्याचा नकाशाही स्ट्रोकसारखा दिसू शकतो. धमन्यांच्या हद्दी पाळल्या जात नाहीत, ही त्याची खूण. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातले आणि लहान लॅक्युनर (खोलातल्या बारीक वाहिनीचे) स्ट्रोक तर अनेकदा निसटतात.

स्कॅन नीट झालं नाही तर

सॉफ्टवेअरबद्दलच्या निम्म्या तक्रारी मुळात स्कॅनच्या असतात. उजव्या कोपराच्या शिरेत १८ किंवा २० गेजचा कॅन्युला. डाव्या हातातून दिलं तर वयस्कर रुग्णांत छातीतली डावी मोठी शीर उरोस्थी आणि महाधमनीमध्ये दबून कॉन्ट्रास्ट अडतं, मानेतल्या शिरेत उलटं चढतं, आणि धमनीचा आलेख (तिथे कॉन्ट्रास्ट वेळेबरोबर कसं चढतं-उतरतं त्याचा) बुटका व पसरट येतो. ४० ते ५० मिलिलिटर आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट, सेकंदाला ४ ते ६ मिलिलिटर वेगाने, आणि मागोमाग त्याच वेगाने ३० ते ४० मिलिलिटर सलाईन. एक्स-रे ट्यूब ८० किलोव्होल्टवर. दोन चित्रांमधलं अंतर ३ सेकंदांपेक्षा जास्त नको, एकूण काळ ६० सेकंदांपेक्षा कमी नको. हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर ७० किंवा त्याहून जास्त. शिरेचा आलेख खाली उतरण्याआधीच स्कॅन थांबलं तर सीबीव्ही कमी मोजला जातो आणि त्यावर बेतलेला कोअर खोटाच वाढतो. कमकुवत हृदयाच्या या रुग्णांतच गुठळ्या जास्त असतात, म्हणून बेताचा ४५ सेकंदांचा प्रोटोकॉल ठेवू नये.

डोकं पट्ट्याने बांधावं. बोलू न शकणारा, घाबरलेला रुग्ण हलतोच. सॉफ्टवेअर हालचाल दुरुस्त करतं, पण डोकं वळलं असेल तर काही चित्रं टाकून देतं, आणि नेमकी कॉन्ट्रास्ट येतानाची चित्रं गेली तर रंगीत नकाशाला अर्थ राहत नाही. म्हणून पान उघडल्यावर नकाशाआधी दोन आलेख पाहायची शिस्त लावावी: धमनीचा आलेख उंच आणि टोकदार, शिरेचा त्यानंतर आणि त्याहून उंच, दोन्ही शेवटी खाली उतरलेले. हे नसेल तर खालचे आकडे वाचूच नयेत. चांगली पॅकेजं हे आलेख पहिल्याच पानावर देतात. काही ते तीन क्लिक खोल दडवतात, आणि रात्री दोन वाजता तीन क्लिक कोणी करत नाही.

डोसबद्दल एवढंच: एकाच जागेवरून वारंवार किरण जातात. २००९ मध्ये अमेरिकेत चुकीच्या सेटिंगमुळे रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट डोस गेल्याचं उघड झालं, काहींचे केस गळाले, आणि एफडीएला (तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेला) इशारा काढावा लागला. मशीन बदललं की डोसची नोंद स्वतः तपासावी.

पानावर न दिसणारी कारणं

कोलॅटरल चांगले असूनही काही रुग्ण झपाट्याने घसरतात, आणि नकाशा त्याचं कारण सांगत नाही. तो एका क्षणाचा असतो. कोलॅटरलमधला प्रवाह रक्तदाबावर चालतो, कारण त्या भागातल्या वाहिन्या आधीच पूर्ण पसरलेल्या असतात आणि स्वतःला सावरू शकत नाहीत. स्कॅननंतर भूल देताना सिस्टोलिक १७० वरून ११० वर आलं तर अर्ध्या तासापूर्वीचा हिरवा भाग आता हिरवा राहिलेला नसतो. गुठळी निघेपर्यंत सिस्टोलिक १४० च्या खाली जाऊ देऊ नये, आणि गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं असेल तर दाब १८५/११० च्या वर नको. या दोन रेषांमध्ये राहावं. उगाच 'नॉर्मल' करायला जाऊ नये.

साखरेचं तसंच. प्रवाह तुटपुंजा आणि रक्तात साखर भरपूर असेल तर पेशी ऑक्सिजनशिवाय ती जाळतात, लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं आणि पेनम्ब्रा (रक्त कमी पडलेला पण अजून जिवंत भाग) लवकर कोसळतो. मात्र जोर लावून साखर ८० ते १३० मध्ये आणल्याने फायदा होत नाही, उलट हायपोग्लायसेमिया (साखर फार खाली जाणं) वाढतो, हे शाइन चाचणीने २०१९ मध्ये दाखवलं. १४० ते १८० पुरे. ताप ३८ अंशांच्या वर गेला तर उतरवावा, सॅच्युरेशन ९४ च्या खाली गेलं तर ऑक्सिजन द्यावा. आणखी खोलात, केशवाहिन्यांभोवतीच्या पेरिसाइट पेशी आवळून तशाच मरतात, पांढऱ्या पेशी आत अडकतात, आणि मोठी वाहिनी उघडूनही रक्त पुढे सरकत नाही. हे टीमॅक्सच्या नकाशात आधी दिसत नाही.

दोन पॅकेज, दोन आकडे

एकाच रुग्णाचा डेटा दोन कंपन्यांच्या सॉफ्टवेअरला दिला तर कोअर वेगळा येतो, आणि फरक उपचार बदलण्याइतका असू शकतो. याचं कारण व्याख्येत आहे. डॉन आणि डिफ्यूज-३ मध्ये रॅपिड वापरलं गेलं. त्यात सीबीएफ ३० टक्क्यांखाली तो कोअर. मायस्टार टीमॅक्सऐवजी डिले टाइम ३ सेकंद धरतं. काही पॅकेजांत मुळात कोअर सीबीव्हीवरून काढलेला असतो. एका चाचणीचा ७० चा आकडा दुसऱ्या व्याख्येच्या पानाला लावणं चूक आहे. सेटिंगमध्ये जाऊन उंबरठे काय आहेत हे बसवणाऱ्या अभियंत्याकडून लिहून घ्यावं, आणि अपडेटनंतर पुन्हा पाहावं.

याच कामासाठी जवळजवळ फुकटचा पर्यायही आहे: मल्टीफेज सीटी अँजिओग्राफी. एकदाच कॉन्ट्रास्ट, मग सुमारे आठ-आठ सेकंदांच्या अंतराने डोक्याची आणखी दोन चित्रं. दुखऱ्या बाजूच्या पृष्ठभागावरच्या वाहिन्या निरोगी बाजूच्या मानाने किती उशिरा आणि किती भरतात ते डोळ्यांनी पाहायचं. एक टप्पा उशिरा भरल्या पण भरल्या, तर बरं. तिसऱ्या टप्प्यातही मोकळी जागा, तर रुग्ण वेगवान. हालचालीने बिघडत नाही, हृदय कमकुवत असलं तरी चालतं, जास्तीचं कॉन्ट्रास्ट लागत नाही. २०२३ मध्ये आलेल्या एमआर क्लीन-लेट चाचणीत ६ ते २४ तासांतले रुग्ण कोलॅटरल पाहूनच निवडले होते, आणि त्यांना फायदा झाला. तोटा एवढाच की वाचणारा तयार हवा, आणि दोन वाचणाऱ्यांचं एकमत होईलच असं नाही.

शिवाय २०२२ ते २०२४ दरम्यान मोठ्या कोअरवरच्या रेस्क्यू-जपान लिमिट, सिलेक्ट-२, अँजल-अ‍ॅस्पेक्ट, टेन्शन, लास्ट या चाचण्यांनी मोठा इन्फार्क्ट असलेल्यांनाही गुठळी काढल्याने फायदा होतो हे दाखवल्यावर कोअरच्या आकड्याचं द्वारपालाचं काम बरंच संपलं आहे. ज्या केंद्रात कॅथलॅब तिथल्या तिथे आहे आणि रुग्ण सहा तासांच्या आत येतो, तिथे साधा सीटी आणि सीटी अँजिओग्राफी पुरे. परफ्युजनसाठी थांबणं म्हणजे वेगवान रुग्णाचा वेळ खाणं.

खरा उपयोग तीन ठिकाणी आहे. गुठळी काढण्याची सोय नसलेलं रुग्णालय, जिथून रुग्ण पुढे पाठवायचा असतो. झोपेतून उठून आलेला किंवा वेळ माहीत नसलेला रुग्ण. आणि लहान वाहिनी बंद असल्याची शंका, जिथे टीमॅक्सचा छोटा पाचर चुकून निसटलेली गुठळी दाखवून देतो.

विकत घेताना विक्रेत्याकडून चार गोष्टी मागाव्यात. एचआयआर पहिल्या पानावर आणि फोनवर येणाऱ्या सारांशातही हवा. आलेख आणि हालचालीचा इशारा नकाशाच्या शेजारी हवा. स्कॅन संपल्यापासून पान हाती पडेपर्यंतचा वेळ तुमच्याच सर्व्हरवर, तुमच्याच नेटवर्कवर मोजून दाखवायला सांगावा. प्रात्यक्षिकातला वेळ धरू नये. आणि चाचणीसाठी स्वतःचे जुने स्कॅन द्यावेत, त्यांत किमान काही हललेले, काही कमकुवत हृदयाचे आणि काही पहिल्या तासातले असावेत. कारण चांगल्या स्कॅनवर सगळीच पॅकेजं चांगली चालतात.